बापामागे राज्य : वत्सगुल्माच्या वाकाटकांची गोष्ट

कोणताही वाकाटक ताम्रपट वाचायला घ्या. कोणते गाव दान दिले, कोणाला दिले, त्याच्या सीमा कोणत्या, हे सगळे नंतर येते. आधी येतात वाडवडील. अमुकाचा पणतू, अमुकाचा नातू, अमुकाचा मुलगा अशा तीन-चार पिढ्या एकामागून एक उभ्या राहतात आणि मग कुठे राजा स्वतःचे नाव सांगतो. राज्यावरचा हक्क बापाकडून येतो, हे जगाला बजावण्याची ती रीत होती.

पण हेच लेख एकमेकांशेजारी ठेवून वाचले की दुसरी गोष्ट दिसू लागते. या घराण्यातल्या कितीतरी राजपुत्रांना बापाची सावली पुरेशी लाभली नाही. एकाचा बाप आजोबांच्या देखत गेला. एकाचा बाप तो पाळण्यात असताना गेला. एक तर आठव्या वर्षी गादीवर बसला. तरीही सुमारे अडीचशे वर्षे हे घराणे विदर्भात टिकले. बाप नसताना राज्य कोणी धरून ठेवले, हा मला वाकाटकांच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर शोधायचे तर वाशीमला यावे लागते.

ताम्रपट सापडला आणि एक शाखा उजेडात आली

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते याच नगरात. एवढा या गावाचा लौकिक. तरीही येथे वाकाटकांची एक स्वतंत्र राजधानी होती, हे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत नीट कळले नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख अभ्यासकांना ठाऊक होता. पण तो पावसापाण्याने झिजलेला. त्यातली नावे अर्धवट लागत आणि तिथले राजे रामटेकजवळच्या नंदिवर्धनच्या वाकाटकांच्याच वंशावळीत कसेबसे बसवले जात.

१९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि द. ब. महाजन यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. पुढे वा. वि. मिराशी यांनी त्याचे साक्षेपी वाचन केले, त्याच्या आधारे अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि १९४१ साली आपले वाचन प्रसिद्ध केले. कोडे सुटले. प्रवरसेन या सम्राटाचा सर्वसेन नावाचा मुलगा होता, त्याने वत्सगुल्माला वेगळी गादी स्थापली आणि अजिंठ्याला वैभव आले ते याच शाखेच्या अमलात, हे स्पष्ट झाले.

ताम्रपट सर्वसेनाच्या मुलाचा, विंध्यशक्तीचा. अजिंठ्याच्या लेखात त्यालाच विंध्यसेन म्हटले आहे. त्याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दान. नांदीकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गावरचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. त्या प्राकृत भागात गावाला दिलेल्या सवलतींची यादी आहे आणि ती वाचताना सोळाशे वर्षांपूर्वीचे वऱ्हाड डोळ्यांपुढे उभे राहते. या गावात शिपायांनी शिरायचे नाही. गावकऱ्यांकडून दूध आणि फुले उकळायची नाहीत. बैलांची पाळी लावायची नाही. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी खाटा, पाण्याची भांडी आणि राबते गडी मागायचे नाहीत. गवत, कातडी, कोळसा मागायचा नाही. मीठ खणण्याचा सरकारी हक्क इथे चालणार नाही. इतर गावांना काय काय सोसावे लागत असेल, हे या माफीच्या यादीवरूनच कळते.

या सगळ्याच्या आधी विंध्यशक्तीने आपला बाप सर्वसेन आणि आजोबा सम्राट प्रवरसेन यांची नावे कोरून घेतली. सदतीस वर्षे राज्य केलेल्या माणसालाही आपली ओळख बापापासून सुरू करावीशी वाटली.

साठ वर्षे राज्य केलेला बाप

हा आजोबा, पहिला प्रवरसेन, घराण्याचा खरा कर्ता पुरुष. घराण्याचा मूळ पुरुष, पहिला विंध्यशक्ती, हा त्याचा बाप. पुराणांत प्रवरसेनाला ‘प्रवीर’ म्हटले आहे आणि त्याने साठ वर्षे राज्य केले असे सांगितले आहे. वाजपेय, बृहस्पतिसव यांसारखे अनेक यज्ञ आणि चार अश्वमेध त्याने केले. सम्राट ही पदवी वाकाटकांत त्याच्याकडेच दिसते. नर्मदेपासून दक्षिणेत खोलवर त्याचा दरारा होता.

इतके दीर्घ राज्य हे बापाला भूषण असले तरी मुलांना भारी पडते. थोरला मुलगा गौतमीपुत्र बापाच्या हयातीतच वारला असावा, कारण लेखांत त्याला राजपद दिलेले नाही. गादी मिळाली ती नातवाला, पहिल्या रुद्रसेनाला. पुराणे प्रवीराला चार मुलगे होते असे सांगतात. त्यांतल्या दोघांच्याच शाखा आपल्याला ठाऊक आहेत. गौतमीपुत्राची शाखा नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकच्या परिसरात, नांदली आणि सर्वसेनाची वत्सगुल्माला.

बापाने उभे केलेले साम्राज्य मुलांत वाटले गेले की ते खालावते, असा सर्वसाधारण अनुभव. प्राचीन इस्राएलची कथा जगाला माहीत आहे. दावीद राजाने बारा वंशांना एका छत्राखाली आणले, त्याचा मुलगा शलमोन याने यरुशलेमला मंदिर बांधले आणि शलमोनाच्या मागे नातू रहबामाच्या काळात राज्याचे दोन तुकडे पडले. त्या फाळणीत उत्तरेचे दहा वंश फुटून निघाले आणि पुढे काही पिढ्या दोन्ही राज्ये एकमेकांशी लढत राहिली. वाकाटकांच्या दोन शाखांतही पुढे कुरबुरी झाल्या असाव्यात. पण सुरुवातीच्या पिढ्यांत दोघींनी आपापला प्रदेश सांभाळून आपापले घर उभे केले.

सर्वसेन तर नुसता राज्यकर्ता नव्हता. त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ती कथा त्यात होती. संपूर्ण काव्य आज उपलब्ध नाही. पण आनंदवर्धन आणि कुंतक यांच्यासारख्या काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञांनी त्याचा आदराने उल्लेख केला आणि कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीत बसवले. वऱ्हाडातल्या राजाचे काव्य काश्मीरपर्यंत वाचले जात होते. विंध्यशक्तीला बापाकडून राज्याबरोबर हेही मिळाले.

आजोळचा आधार

बाप नसलेल्या मुलाला कोण सावरते? दोन्ही शाखांनी याची दोन वेगळी उत्तरे दिली आणि वाकाटकांच्या इतिहासाचा सगळा कस त्या दोन उत्तरांत आहे.

नंदिवर्धनच्या शाखेने आजोळचा आधार घेतला. गौतमीपुत्राची बायको ही भारशिव घराण्यातल्या भवनाग राजाची मुलगी. तिचा मुलगा पहिला रुद्रसेन. त्याच्या घराण्याच्या ताम्रपटांत तो कोणाचा नातू हे सांगताना आईच्या बापाचा, भवनागाचा, उल्लेख आवर्जून येतो. शिवलिंग खांद्यावर वाहणारे, गंगेच्या पाण्याने अभिषेक झालेले, दहा अश्वमेध केलेले अशी भारशिवांची थोरवी सांगितली जाते. वाकाटकांच्या राजपत्रात सासरच्या घराण्याचे एवढे कौतुक उगाच येत नाही. बाप गेलेल्या रुद्रसेनामागे नाना उभा राहिला असला पाहिजे, असे इतिहासकार मानतात ते यामुळेच.

तीन पिढ्यांनी हाच प्रसंग पुन्हा आला, आणि या वेळी नाना होता खुद्द दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य. त्याने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. माळवा आणि गुजरात इथल्या शक क्षत्रपांशी गुप्तांना लढायचे होते. त्या मोहिमेत पाठीशी वाकाटकांचे राज्य मित्र म्हणून असणे फार गरजेचे होते. लग्न राजकारणाचे होते. पण रुद्रसेन लवकर वारला आणि मुले लहान राहिली. प्रभावतीने राज्याची सूत्रे हाती घेतली. तिच्या पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर ‘युवराजाच्या आईचे शासन’ अशा आशयाची अक्षरे आहेत. तो ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. म्हणजे किमान तेरा वर्षे एका बाईने मुलाच्या नावाने विदर्भ चालवला.

या ताम्रपटात वंशावळ आहे ती वाकाटकांची नाही, गुप्तांची. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त अशी माहेरची नावे आधी येतात. स्वतःचे गोत्र सांगताना ती वाकाटकांचे विष्णुवृद्ध गोत्र सांगत नाही, बापाचे धारण गोत्र सांगते. ती विष्णुभक्त होती. तिचे सासरे पहिले पृथिवीषेण शैव होते, पण नवरा चक्रपाणीचा भक्त झाला. सासरच्या देवघरापर्यंत माहेरचा प्रभाव पोहोचला होता.

मुलीच्या मागे बाप खंबीर उभा राहिला म्हणून नातवाचे राज्य वाचले, हे मान्य करावेच लागेल. विक्रमादित्यासारखा नाना नसता तर शेजाऱ्यांनी नंदिवर्धन गिळायला वेळ लावला नसता. मात्र नातू मोठा झाल्यावर आपल्या घराकडे वळला. दुसरा प्रवरसेन गादीवर आला, त्याने प्रवरपूर ही नवी राजधानी केली आणि आपल्या लेखांत शंभूच्या कृपेने पृथ्वीवर कृतयुग आणल्याचे सांगितले. आईचा आणि नानाचा उल्लेख त्याने टाळला नाही, पण उपासना घेतली ती आजोबा पृथिवीषेणाची. रामाने सेतू बांधून लंका जिंकली त्या कथेवरचे ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. ज्या बापाला त्याने धड पाहिलेही नसेल, त्याच्या घराण्याची परंपरा त्याने पुढे नेली.

आठ वर्षांचा राजा

वत्सगुल्माच्या शाखेने दुसरी वाट धरली. विंध्यशक्तीने कुंतलच्या राजाचा पराभव केला, दीर्घ राज्य केले. त्याच्या मागे त्याचा मुलगा प्रवरसेन आला, हा वत्सगुल्माच्या शाखेतला प्रवरसेन. प्रवरसेन गेला तेव्हा त्याचा मुलगा आठ वर्षांचा होता. अजिंठ्याचा लेख हे वय मुद्दाम नोंदवतो आणि या मुलाने राज्य चांगले चालवले असेही सांगतो. लेखातल्या त्याच्या नावाचा भाग नष्ट झाला आहे. राहिले आहे ते वय.

आठ वर्षांचे मूल राज्य चालवत नसते. त्याच्यासाठी कोणीतरी चालवत असते. वत्सगुल्माच्या लेखांत कोण्या नानाचा डंका नाही, माहेरच्या वंशावळी नाहीत. इथे घर सांभाळले असावे ते अमात्यांनी. या शाखेच्या इतिहासात मंत्र्यांना जेवढी जागा आहे तेवढी नंदिवर्धनच्या शाखेत कुठे दिसत नाही.

यहूदाच्या राज्यातही असेच घडले होते. योशीया आठ वर्षांचा असताना राजा झाला, कारण त्याचा बाप आमोन याला राजवाड्यातल्याच लोकांनी मारले. त्याच्या कितीतरी आधी योवाश सातव्या वर्षी राजा झाला. त्याला आजीच्या तलवारीपासून वाचवले ते त्याच्या आत्याने, आणि मंदिरात लपवून वाढवले ते तिचा नवरा यहोयादा या याजकाने. यहोयादा होता तोवर योवाश नीट वागला. तो गेल्यावर मात्र दरबारातल्या सरदारांच्या नादी लागला आणि पुढे त्याने यहोयादाच्याच मुलाला दगडमार करवून ठार केले. बापाची जागा घेणारा माणूस नुसता शहाणा असून भागत नाही. त्याच्यामागेही कोणीतरी यावे लागते. वत्सगुल्माला हे साधले, निदान तीन पिढ्या.

हस्तिभोज आणि त्याचा मुलगा

आठ वर्षांच्या राजाचा मुलगा देवसेन. त्याच्या काळाचा एक पक्का पुरावा वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला मिळाला. देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने तिथे सुदर्शन नावाचा तलाव बांधला आणि शिलालेखावर शक ३८० असे वर्ष कोरले, म्हणजे इसवी सन ४५७-५८. वाकाटक राजे एरवी आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजतात. त्यामुळे त्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांची ओढाताण होते. हिस्से बोराळ्याच्या एका आकड्याने देवसेनाला काळाच्या पटावर घट्ट बसवले आणि त्याचा मुलगा हरिषेण व अजिंठ्याची लेणी यांच्या काळाची चर्चा या आकड्याला धरूनच करावी लागते. वऱ्हाडाच्या कोरड्या जमिनीत बांधलेल्या एका तलावाने भारतीय कलेच्या इतिहासाला तारीख दिली.

देवसेनाने राज्यकारभार हस्तिभोज या मंत्र्यावर सोपवला होता आणि स्वतः सुखोपभोगात रमला होता, असे अजिंठ्याचा लेख सांगतो. लेख कोरवणारा हस्तिभोजाचाच मुलगा, त्यामुळे बापाची थोरवी तो सांगणारच. तरीही त्याने जे सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. हस्तिभोज लोकांना बाप, आई आणि मित्र यांच्यासारखा जवळचा वाटे, कोणालाही त्याच्यापर्यंत पोहोचता येई. राजाने राजाचे काम टाकले तेव्हा प्रजेचे बापपण मंत्र्याकडे गेले.

हे घराणे वल्लूरच्या ब्राह्मणांचे. अजिंठ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातल्या लेखात त्यांच्या पिढ्या दिल्या आहेत. हस्तिभोजाचा मुलगा वराहदेव हा देवसेनाच्या मुलाचा, हरिषेणाचा, सचिव झाला. इकडे राजा बापाकडून गादी घेत होता, तिकडे मंत्री बापाकडून जबाबदारी घेत होता. वत्सगुल्माचे वैभव या दोन समांतर वारशांवर उभे राहिले. हरिषेणाने कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र इथपर्यंत दबदबा बसवल्याचे लेख सांगतो. त्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी त्या वेळी त्याच्या तोडीचा राजा भारतात विरळाच. थाळनेरला सापडलेला त्याचा ताम्रपट खानदेशापर्यंतच्या अमलाची साक्ष देतो.

या वराहदेवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. आयुष्य, तारुण्य, संपत्ती, सुख यांतले काही टिकत नाही हे ओळखून आपल्या आईबापांसाठी भिक्षूंचे हे निवासस्थान घडवले, असे त्याने त्या लेखात म्हटले आहे. राजाची वंशावळ त्यानेच कोरवली, बापाचे गुण त्यानेच नोंदवले आणि दानाचे पुण्य त्याने आईबापांच्या नावे केले. आज वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची सलग वंशावळ आपल्याला कळते ती या एका मुलाच्या कृतज्ञतेमुळे.

मुलाने बापाकडे काय मागावे

सोळाव्याच्या शेजारी सतरावे लेणे. तेही हरिषेणाच्या अमलातले, त्याच्या एका मांडलिकाने करवलेले. त्यात एक चित्र आहे. बुद्ध कपिलवस्तूला परत आला आहे, हातात भिक्षापात्र आहे. त्याची आकृती माणसापेक्षा कितीतरी मोठी आहे. समोर यशोधरा आणि तिच्या पुढे राहुल. दोघे त्याच्यापुढे लहान दिसतात. यशोधरेचा हात मुलाला पुढे ढकलतो आहे, मुलाची मान वर आहे. कथा अशी की आईने सांगितले, जा, बापाकडे आपला वारसा माग. शाक्यांच्या राजपुत्राचा मुलगा दुसरे काय मागणार? राज्य मागणार. बुद्धाने त्याला संघात घेतले. आपल्याकडे होते ते त्याने दिले.

या कथेला एक पुढचा भाग आहे. सिद्धार्थ गेला तेव्हा म्हातारा शुद्धोदन होरपळला होता. आता नातूही गेला. त्याने मुलाला, म्हणजे बुद्धालाच, विनंती केली की यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कोणा मुलाला दीक्षा देऊ नये. बुद्धाने ते मान्य केले आणि संघाचा तसा नियम झाला. एका बापाचे दुःख धर्माच्या नियमात उतरले.

पाचव्या शतकात ही भिंत रंगवली जात होती तेव्हा वत्सगुल्माच्या दरबारात वारशाचाच प्रश्न उभा होता. हरिषेणाने मिळवलेले राज्य पुढच्या हाती जाणार होते.

राज्य कशाने गेले

हरिषेणाच्या मागे वत्सगुल्माचे राज्य फार टिकले नाही. ते का कोसळले याचे उत्तर मिराशींना एका कथेत सापडले. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तला आठवा उच्छ्वास विश्रुताची गोष्ट सांगतो. घटना घडते विदर्भात. दंडीच्या घराण्याचा अचलपुराशी संबंध होता, त्यामुळे विदर्भातल्या जुन्या आठवणी त्याच्यापर्यंत पोहोचल्या असणे शक्य आहे. त्यातला पुण्यवर्मा हा हरिषेणावर बेतला आहे, असे मिराशींनी मांडले. सगळ्या अभ्यासकांना ते पटले नसले तरी कथा वाचल्यावर ती विसरता येत नाही.

पुण्यवर्मा सद्गुणी, न्यायी राजा. त्याचा मुलगा अनंतवर्मा हुशार, कलांत निपुण, पण राज्यशास्त्राकडे पाठ फिरवलेला. बापाच्या वेळचा म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात समजावतो. नुसती बुद्धी पुरत नाही, दंडनीतीने ती तावून निघाली पाहिजे, असा त्याचा सांगावा. राजा ऐकून घेतो आणि अंतःपुरात जातो. तिथे विहारभद्र नावाचा गाण्याबजावण्यातला सोबती असतो. तो राजाच्या दिनचर्येची टिंगल करतो. पहाटेपासून हिशेब, तक्रारी, हेर, सैन्य. जेवायलाही उसंत नाही आणि जेवणात विष असेल ही धास्ती निराळी. मग राजेपणाचा उपयोग काय? अनंतवर्म्याला हे पटते.

शेजारच्या अश्मकाचा राजा वसंतभानू टपलेलाच असतो. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापाने हाकलून दिल्याचे सोंग करून, विदर्भाच्या दरबारात शिरतो. शिकार, जुगार, दारू यांचे गुण गातो. राजा बिघडतो, त्याच्यामागे अधिकारी बिघडतात, मग सैन्य आणि प्रजा. वनवासीच्या राजाला पुढे करून स्वारी घडवली जाते आणि ऐन लढाईत मांडलिकच उलटतात. अनंतवर्मा मारला जातो.

रहबामाची गोष्टही याच धाटणीची आहे. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोक त्याच्याकडे आले, तुझ्या बापाने लादलेले ओझे हलके कर म्हणाले. बापाच्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की लोकांचे ऐक. बरोबरीच्या तरुणांनी सांगितले की आणखी दाब. त्याने तरुणांचे ऐकले आणि राज्य फुटले. यरुशलेम आणि वत्सगुल्म यांच्यात हजारो कोसांचे आणि चौदा शतकांचे अंतर. पण बापाने ठेवलेले अनुभवी माणूस बाजूला सारून तोंडपुज्याला जवळ केले की काय होते, याचा निकाल दोन्हीकडे एकच.

दंडीच्या कथेत वसुरक्षित अपमान गिळून राहतो. राजा पडल्यावर तोच राणी वसुंधरेला, तिच्या मुलीला आणि लहान भास्करवर्म्याला घेऊन बाहेर पडतो आणि वाटेत तापाने मरतो. ज्याला मुलाने झिडकारले त्याने नातवासाठी प्राण वेचले. पुण्यवर्म्याने आपल्या मागे ठेवलेली सर्वांत मोठी ठेव होती ती हा म्हातारा.

बापाचे खरे देणे

वाकाटकांचे लेख आपल्या राजांचा कोश आणि सेना शंभर वर्षे वाढत आल्याचे अभिमानाने सांगतात. कोश आणि सेना या दोन्ही गोष्टी प्रत्येक बापाने प्रत्येक मुलाला दिल्या. पण आठ वर्षांच्या मुलाच्या हाती त्यांचा उपयोग काय? त्याला वाचवले ते बापाने आणि आजोबाने जोडून ठेवलेल्या माणसांनी. नंदिवर्धनला भवनाग आणि चंद्रगुप्त हे दोन नाना आले आणि मध्ये प्रभावतीगुप्तेसारखी आई उभी राहिली. वत्सगुल्माला अमात्य आले आणि त्यांच्यात हस्तिभोजासारखा, लोकांना बापासारखा वाटणारा, माणूस निघाला. दोन्ही वाटांना किंमत मोजावी लागली. आजोळच्या आधाराने राजपत्रावर दुसऱ्या घराची वंशावळ आली. मंत्र्याच्या आधाराने देवसेनासारखा राजा ऐषारामात पडला. तरी घर टिकले.

म्हणून राजाचे मोठेपण ठरवताना त्याने किती देश जिंकले, किती यज्ञ केले हे मोजून भागणार नाही. त्याच्या माघारी त्याच्या पोरक्या मुलाला खरे सांगणारे किती जण उरले, हेही मोजले पाहिजे. या मापाने मला विंध्यशक्तीची सदतीस वर्षे आणि हस्तिभोजाची शांत चाकरी हरिषेणाच्या दिग्विजयाइतकीच मोठी वाटते.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला आणि एके काळच्या राजधानीला पुन्हा एका प्रदेशाच्या मुख्य ठाण्याचा मान मिळाला. जिल्ह्यातल्या मुलांनी शाळेत गुप्तांचे सुवर्णयुग जरूर वाचावे. पण त्याच काळात आपल्या गावातून अजिंठ्याच्या प्रदेशाचा कारभार चालत होता, आपल्याच मातीत बांधलेल्या तलावाच्या लेखाने त्या काळाला वर्ष दिले, हेही त्यांना घरच्यांनी आणि शिक्षकांनी सांगायला हवे. मिराशींचा ‘वाकाटक नृपती आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ १९५७ पासून मराठीत आहे. वाशीमच्या प्रत्येक वाचनालयात त्याची एक प्रत असावी आणि ती वाचली जावी.